दोन दिवसांच्या पावसानंतरची शेकोटी: एक फसलेला आणि एक पेटलेला प्रयत्न

परिस्थिती

अभ्यासासाठी बेतलेलं हे प्रकरण आहे. यातल्या चुका मात्र बेतलेल्या नाहीत. ओल्या रानात शेकोटी पेटवायला बसलेली माणसं बहुतेक वेळा याच चुका याच क्रमाने करतात.

चौघांचा गट, उंचावरचं मिश्र जंगल, दोन दिवसांची संततधार. गट मुक्कामाच्या जागी सव्वाचारला पोचला तेव्हा पावसाचा जोर ओसरून भुरभुर उरली होती. तापमान ९ अंश सेल्सियस, वारा मध्यम, अंधार पडायला पावणेदोन तास. त्या जागी शेकोटीला परवानगी होती; ती नसती तर पुढचं सगळंच गैरलागू. शेगडीचा गॅस आदल्या रात्री संपलेला. सामानात कामाचं असं: ३ मीटर बाय ३ मीटरची ताडपत्री, १० सेंटिमीटर पात्याचा न मिटणारा चाकू, घडीची करवत, मेणबत्तीचे दोन बुटके तुकडे, भिजलेला लायटर आणि चीर गेलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सादळलेली काडेपेटी. पेटीत अकरा काड्या.

एकजण कुडकुडत होता, आणि त्याला पिशवीची गाठ सोडवता येत नव्हती. इथे गटाने योग्य क्रम धरला: आधी ताडपत्री बांधली, त्याचे ओले कपडे उतरवून कोरडे घातले, डोक्याला टोपी, बुडाखाली मॅट. गारठलेल्या माणसावर शेकोटी हा पहिला उपाय नव्हे. ओल्या रानात ती उभी राहायला तास लागतो, कोरडा सदरा दोन मिनिटांत कामाला लागतो. अशा माणसाचं कुडकुडणं बंद झालं, पण बोलणं बरळल्यासारखं आणि चाल अडखळती झाली, तर तो सावरला असं समजू नये. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या बरंच खाली गेल्याची ती खूण असते. मग सरपणाचा नाद सोडून त्याला ऊब द्यायची आणि मदत मिळवायची.

पहिला प्रयत्न: पंचवीस मिनिटं, आठ काड्या

बाकीचे तिघं पांगले आणि दहा मिनिटांत मिळेल ते घेऊन आले. जमिनीवरच्या काटक्या, झुडपांच्या वाळक्या फांद्या, दोन मुठी पालापाचोळा. सगळं करंगळीहून बारीक, कारण बारीक लवकर पेटतं हे प्रत्येकाला माहीत. जमिनीवरच काटक्यांचा शंकू रचला, आत वहीची पानं चुरगळून कोंबली, काडी लावली. कागद भडकला आणि अर्ध्या मिनिटात बसला. काटक्यांतून दाट पांढरा धूर निघाला, टोकांना फेस सुटला, संपलं. पुन्हा कागद, पुन्हा काडी. तिसऱ्या खेपेला आळीपाळीने फुंकर मारून झाली. पाच वाजले तेव्हा पेटीत तीन काड्या उरल्या होत्या आणि जमिनीवर राखेचा लगदा.

का फसलं

आधी पाण्याचा हिशोब. १० अंशांचं १ ग्रॅम पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २.६ किलोजूल उष्णता लागते. लाकडी आगकाडी अख्खी जळली तर साधारण १ किलोजूल देते. आता पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब काटकी घ्या. ती पुरती भिजली असेल तर तिच्यात ४ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. म्हणजे एक काटकी नुसती सुकवायलाच दहा आगकाड्यांची उष्णता हवी, तीही हवेत जराही वाया न जाता. लाकडाने पेट घ्यायला त्याचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या घरात जावा लागतो, आणि आतलं पाणी उकळत असेपर्यंत तो १०० च्या फारसा पुढे सरकत नाही. टोकांचा फेस आणि पांढरा धूर हेच ओरडून सांगत होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, कारण ते ‘बारीक ते लवकर पेटतं’ या सर्वमान्य समजुतीच्या विरुद्ध जातं. पावसाचं पाणी लाकडात सालीकडून फार सावकाश शिरतं, कापलेल्या टोकांकडून रेषांच्या दिशेने बरंच भराभर. उभ्या वाळलेल्या, मनगटाएवढ्या खोडाचे दोन दिवसांच्या पावसात बाहेरचे काही मिलिमीटर भिजतात, गाभा तसाच राहतो. पेन्सिलीएवढ्या काटकीला गाभाच नसतो. तीन मिलिमीटर भिजली की ती सगळी भिजली. एखाद्या सरीनंतर झाडाला खालच्या अंगाला लटकलेल्या वाळक्या काटक्या उत्तम पेटतात, त्यामुळेच ती समजूत घट्ट बसते. दोन दिवसांच्या झडीनंतर मात्र रानातलं सगळ्यात बारीक सरपण सगळ्यात ओलं असतं. तेव्हा बारीक काटक्या वेचायच्या नाहीत, जाड लाकडातून काढायच्या. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात खरा फरक पडला तो एवढ्यानेच.

बाकीच्या चुका लहान, पण भर घालणाऱ्या. ओल्या जमिनीवर रचलेला जाळ बरीच ताकद खालची माती तापवण्यात घालवतो, आणि मातीतली वाफ वर येऊन पेटवणच ओलं करते. चुरगळलेला कागद फार झटकन जळतो आणि त्याच्या राखेचा थर खालून येणारी हवा अडवतो. फुंकर निखाऱ्याला उपयोगी; निखाराच नसेल तर ती फक्त जाळ थंड करते.

दुसरा प्रयत्न: पाऊण तास तयारीचा

पाच वाजता गटाने काडेपेटी बाजूला ठेवली आणि करवत घेतली. शोधायचं होतं ते उभं वाळलेलं, साल गळालेलं, ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं झाड, किंवा दुसऱ्या झाडात अडकून जमिनीला न टेकलेली तेवढीच जाड फांदी. जमिनीवर पडलेलं लाकूड खालून ओल ओढत असतं, ते कितीही वाळकं दिसलं तरी सोडायचं. करवतीच्या पाठीने ठोकल्यावर वाळलेलं खोड खणखणीत वाजतं, कुजकं किंवा ओलं दबका आवाज देतं. सूचिपर्णी झाडाची राळेने भरलेली, पिवळट, वासाची गाठ मिळाली तर ती जपून ठेवायची, कारण राळ पाण्यात भिजत नाही. कण्हेरीसारख्या विषारी, चिकाळ झाडांच्या वाटेला जायचं नाही, त्यांचा धूरही घातक असतो.

कोरडेपणाची खरी परीक्षा फोडल्यानंतर. आतला ताजा फुटलेला भाग ओठाला किंवा गालाला लावायचा. बोटं आधीच गार आणि ओली असतात, त्यांना कळत नाही. ओठाला ओल लगेच थंड लागते. कोरडा गाभा कोमट वाटतो आणि रंगाने फिकट असतो. पहिलं खोड या परीक्षेत नापास झालं, दुसरं पास.

दुसऱ्या खोडाची दोन्ही टोकं ५-५ सेंटिमीटर कापून टाकली, कारण टोकांतून पाणी आत शिरलेलं असतं. उरलेल्याचे ३० सेंटिमीटरचे आठ ओंडके केले. गाठी आलेले तुकडे वेगळे काढले. ते फुटत नाहीत, उगाच पातं अडकून बसतं.

फोडण्याची रीत अशी. ओंडका एका रुंद लाकडावर उभा धरायचा, चाकूचं पातं वरच्या टोकावर मधोमध आडवं ठेवायचं, आणि पात्याच्या पाठीवर मनगटाएवढ्या दांडक्याने ठोकायचं. पातं आत गेलं की बाहेर आलेल्या टोकावर ठोके द्यायचे, मूठ पात्याच्या पातळीतच ठेवून. आधी दोन फाका, मग चार. गुडघे जमिनीवर, मांडी पात्याच्या रेषेत नको, आणि ओंडका धरायला दुसऱ्याचा हात तर मुळीच नको. मिटणारा चाकू या कामाला वापरला तर बिजागरी निखळते, बोटंही जातात.

चार फाकांची साल आणि बाहेरचा काळपट ओला थर तासून टाकला. मग त्या उभ्या चिरत नेल्या. एका ओंडक्यातून आगकाडीएवढ्या बारीक शंभरेक काड्या निघतात. गटाने लावलेलं प्रमाण असं होतं: आगकाडीएवढ्या काड्या दोन्ही हातांची बोटं जुळवून केलेल्या कड्यात मावतील इतक्या, पेन्सिलीएवढ्या त्याच्या दुप्पट, अंगठ्याएवढ्या चिरफळ्या एक कवळ, बाकीचे अर्धे फोडलेले ओंडके. पहिल्यांदा हे करणाऱ्याला एवढं फारच वाटतं. ओल्या दिवशी ते जेमतेम पुरतं.

ढलप्या सगळ्यात शेवटी. पावसाळी हवा जवळजवळ संपृक्त असते आणि अशा हवेत उघडं पडलेलं लाकूड स्वतःच ओल शोषून वीस टक्क्यांच्या पुढे जातं. जाड तुकड्याला त्याला कित्येक दिवस लागतात, कागदासारख्या पातळ ढलपीला फारच थोडा वेळ पुरतो. म्हणून त्या आधी काढून ठेवणं व्यर्थ. गाभ्याच्या अंगठ्याएवढ्या पाच काठ्या घेतल्या. काठी तिरपी टेकवून, हात ताठ ठेवून पातं वरून खाली सरकवत न्यायचं आणि ढलपी तुटण्याआधी थांबायचं, म्हणजे ती कुरळी होऊन खालच्या टोकाला चिकटून राहते. काठी किंचित फिरवून पुढची ढलपी कडेवरून काढायची. कडेवर पातळ निघते, सपाट अंगावर जाड. वीस-पंचवीस ढलप्यांचा झुपका झाला की ती काठी तयार. तुटून पडलेल्याही टाकायच्या नाहीत, टोपीत जमवायच्या. तयार माल ताडपत्रीखाली, पाठपिशवीवर, ओल्या हातांपासून लांब.

मांडणी

ताडपत्रीची एक कड दोन मीटर उंच आणि बाजू उघड्या. जाळ तिच्या उंच कडेखाली, गुडघ्याच्या वर न जाऊ देता. तंबूत किंवा तिन्ही बाजूंनी बंद आडोशात शेकोटी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. तो वायू दिसत नाही, त्याचा वास येत नाही.

जमिनीवर मनगटाएवढी पाच लाकडं एकमेकांना खेटून मांडली. ती ओली असली तरी चालतात, त्यांचं काम मातीपासून अंतर राखणं. त्यांच्यावर चिरलेल्या कोरड्या पट्ट्यांचा एक थर. वारा जिकडे जातो त्या अंगाला १० सेंटिमीटर जाडीचा ओंडका आडवा ठेवला आणि त्याला वाऱ्याच्या बाजूने झुपक्याच्या काठ्या टेकवल्या, झुपके खाली. वारा जाळाला थेट पेटवणात ढकलतो. जास्त झोत आला तर माणसानेच पाठ करून बसायचं. नदीतले दगड भोवती लावायचा मोह टाळला, ते बरं झालं. आत मुरलेलं पाणी तापलं की असे दगड फुटतात.

पेटवणं

पहिल्या प्रयत्नात काडीने थेट सरपण पेटवायला घेतलं होतं. आता काडीला एकच काम: मेणबत्ती लावणं. मेणबत्ती ६० ते ८० वॅटच्या दराने जळत राहते, पाच मिनिटांत वीसएक किलोजूल, आणि मुख्य म्हणजे एकाच जागी, न विझता. काडी आठ-दहा सेकंदांची धनी.

तेवढ्यात लायटरही जमला. भिजलेला लायटर निकामी नसतो. फुंकून पाणी काढायचं, चाक कोरड्या कापडावर घासत फिरवायचं आणि अर्धा तास आतल्या खिशात ठेवायचा. अंगाच्या उबेचा दुहेरी फायदा: गारगोटी सुकते, आणि शून्याच्या आसपास मंदावणारा ब्युटेनचा दाबही वाढतो. सादळलेल्या काडेपेटीचं तसं नाही. तिच्या कडेवरचा फॉस्फरसचा पट्टा मऊ झाला की घासताना तोच खरवडून निघतो, आणि मग कोरडी काडीही पेटत नाही. म्हणून मेणबत्ती लायटरनेच लावली; उरलेल्या तीन काड्या तशाच राहिल्या.

पावणेसहाला मेणबत्तीचा पेटता तुकडा झुपक्यांखाली सरकवला. पहिल्या मिनिटात ढलप्यांच्या कडा तांबूस झाल्या, कुरळ्या टोकांनी जाळ धरला. आगकाडीएवढ्या काड्यांची एक मूठ त्यावर आडवी-तिरपी, दोन काड्यांत एका काडीएवढी फट राखून. फट जास्त झाली तर काड्या एकमेकींना तापवत नाहीत, कमी झाली तर हवा कोंडते. तिसऱ्या मिनिटाला जाळ वीतभर. नियम एवढाच: वर ठेवलेल्या लाकडाच्या माथ्यावरून ज्वाळा बाहेर येईपर्यंत त्याहून जाड काही घालायचं नाही.

सहाव्या मिनिटाला तो नियम मोडला गेला. जाळ पाहून एकाने अंगठ्याएवढ्या तीन चिरफळ्या एकदम टाकल्या, त्याही सालीची बाजू खाली करून. तीस सेकंदांत ज्वाळा बसली, पांढरा धूर सुटला. इथे हात आपोआप फुंकर घालायला खाली जातात, आणि इथेच शेकोट्या जातात. आधी त्या तीन चिरफळ्या बाहेर काढल्या. विखुरलेल्या जळत्या काड्या चिमट्यासारख्या धरलेल्या दोन काठ्यांनी मधोमध एकत्र लोटल्या. एकटा निखारा विझतो, चार एकत्र आले की एकमेकांना तापवतात. त्यावर बारीक काड्यांची राखीव मूठ सैलसर ठेवली आणि मगच फुंकर: हातभर अंतरावरून, बुडाशी, लांब आणि सावकाश, आणि श्वास घेताना तोंड बाजूला. तिसऱ्या फुंकरीला जाळ परतला. ती राखीव मूठ नसती तर चाकू पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागला असता. बारीक पेटवणाचा तिसरा हिस्सा पहिली वीस मिनिटं हात न लावता बाजूला ठेवावा.

पुढे पेन्सिलीएवढ्या चिरफळ्या, फोडलेली बाजू खाली. विसाव्या मिनिटाला अंगठ्याएवढ्या, सालीशिवायच्या. चाळिसाव्या मिनिटाला बुडाशी मूठभर निखारा जमला तेव्हा पहिला अर्धा ओंडका.

टिकवणं

ओली लाकडं जाळाभोवती १५-२० सेंटिमीटरवर उभी करून ठेवली आणि दर दहा मिनिटांनी फिरवली. टोकातून वाफ येणं थांबलं की ते लाकूड आत जाण्याच्या लायकीचं. तपकिरी पडून त्याचाच धूर येऊ लागला तर मागे ओढायचं, नाहीतर ते बाहेरच पेटतं. एका वेळी एकच ओलसर लाकूड, तेही तीन पेटत्यांच्या संगतीला. कुणीतरी सुचवलेलं पेट्रोल घालणं म्हणजे वेडेपणा: त्याची वाफ भडकून तोंड-हात भाजते आणि काही सेकंदांनी ओलं लाकूड होतं तसंच उरतं.

चाकू नसता तर

काम होतं, फक्त वेळ दुप्पट धरावा. जाड वाळकी फांदी जवळजवळ उगवलेल्या दोन खोडांच्या बेचक्यात अडकवून तरफेसारखी मोडायची. मोडलेल्या टोकाला लांब तंतुमय चिरफळ्या निघतात, त्या बोटांनी सोलून काढता येतात आणि त्या गाभ्याच्या असल्याने कोरड्या असतात. वादळात तुटलेल्या उभ्या खोडाच्या माथ्यावरही तशाच चिरफळ्या असतात, पण टोकाचे वरचे दोन-तीन इंच भिजलेले धरावेत.

विझवणं आणि पुढच्या खेपेचं सामान

पावसात शेकोटी विझवायला कशाला, असं वाटतं. भिजलेल्या पानांच्या थराखालचा कोरडा कुजका भाग मात्र जाळाच्या बुडाशी दिवसभर धुमसू शकतो. सकाळी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, काठीने ढवळलं, चुरचुर थांबेपर्यंत पुन्हा ओतलं, तळाची लाकडं उलटून त्यांच्या पोटालाही पाणी दिलं. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन, ऊब लागत नाही ना पाहून, शेवटी राखेत घातली.

सामानात बदल थोडेच. लायटर दोन, दोन वेगळ्या माणसांच्या आतल्या खिशांत, आणि वजनाच्या लोभाने मेणबत्ती न वगळणं. पेट्रोलियम जेली चोळलेले कापसाचे सात-आठ गोळे घट्ट झाकणाच्या डबीत. एक गोळा उकलून तंतू मोकळे केले की ठिणगीवरही धरतो आणि तीन-चार मिनिटं जळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या ओल्या असल्या तरी जळतात, पण धूर काळा आणि घाण, म्हणून त्या अगदी अडचणीसाठी आणि स्वयंपाकाच्या जाळात कधीच नाहीत. काडेपेटी न्यायची तर काड्या आणि घासायचा पट्टा दोन्ही एकाच झाकणबंद डबीत. पिशवीला एक चीर गेली की काय होतं ते वर दिसलंच आहे.